सुनेचं ग्राफिक्स कार्ड

लग्नानंतर चौथ्या दिवशी सुनेचं सामान सटाण्याहून टेम्पोने आलं. कपाट, भांड्यांची दोन खोकी, पुस्तकं आणि दोन गोधड्यांत गुंडाळलेला एक मोठा डबा. बाकीचं सगळं हमालाने वर नेलं. त्या डब्याला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. ओढणी कमरेला बांधली आणि स्वतः उचलून जिना चढली. मला वाटलं, आईची काही आठवण असेल. ती दहावीत असतानाच तिची आई गेली, हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी वर गेले तेव्हा गोधड्या घडी घालून ठेवल्या होत्या आणि टेबलावर कॉम्प्युटर उभा होता.

आमचं घर नाशिकच्या सिडकोत. खाली दोन खोल्या, वर एक. खालच्या पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. नवरा गेला तेव्हा मुलगा अकरावीत होता. तेव्हापासून ब्लाऊज शिवूनच घर चाललं. आता मुलगा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत आहे आणि त्याची साइट वापीला. पंधरा दिवसांतून एकदा येतो. म्हणजे लग्न झालं त्याचं, पण घरात एकमेकींच्या वाट्याला आलो आम्ही दोघी.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. सकाळी साडेसातला स्कूटर काढायची, चारला परत. आली की हातपाय धुऊन विचारायची, "आई, कणीक मळू?" बोलणं तेवढंच. आवाज इतका हळू की मशीन थांबवून ऐकावं लागायचं. मी विचारलं तर उत्तर, नाही विचारलं तर नाही. मीही काही बोलकी नाही. दोन महिने आम्ही पाहुण्यांसारख्या वागलो.

फक्त रविवारी दुपारी तीन वाजता ती वर जायची आणि दार लावून घ्यायची. मग वरून हसू यायचं. मोठमोठ्याने. मध्येच ओरडणं. अहिराणीत भराभर काहीतरी. आम्ही इथले, नाशकातच वाढलेले. मला अहिराणी अर्धीमुर्धी समजते, तीही समोर बसून कुणी सावकाश बोललं तर. जिन्याखालून काही कळायचं नाही. फोनवर माहेरी बोलत असणार, एवढं कळत होतं. माझ्याविषयी सांगत असेल का, असं मनात यायचं. मग स्वतःचाच राग यायचा, आणि चार टाके चुकायचे.

एका रविवारी मी भजी तळली होती. बशी घेऊन वर गेले, दारावर टकटक करणार तेवढ्यात आतून ती किंचाळली, "आप्पा! आप्पा, तुम्ही परत मरनात!"

आप्पा म्हणजे तिचे वडील. मरनात म्हणजे मेलात, इतकी अहिराणी मला येते. मी दार ढकललंच.

ती कानांवर हेडफोन लावून खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली. मला पाहून ताडकन उभी राहिली. पडद्यावर जंगल होतं, हुबेहूब. झाडांतून ऊन खाली पडत होतं. गवतात एक माणूस आडवा झालेला आणि एक कोल्ह्यासारखं जनावर पळून जात होतं.

"काय झालं आप्पांना?" मी विचारलं.

"काही नाही आई. ते..." तिने पडद्याकडे बोट केलं. "ते आप्पा आहेत. लांडग्याने पाडलं."

मी त्या पडलेल्या माणसाकडे पाहत राहिले. हेडफोन तिने मानेवर ओढले होते. त्यातून बारीक आवाज येत होता. आप्पा सटाण्याहून विचारत होते, कोण आलं, कोण आलं म्हणून. ती लाजून लाल झाली होती. मला आधी हायसं वाटलं आणि मग हसू आलं, ते आवरेचना. मी पलंगावर बसले आणि बशी तिच्यापुढे केली. "घे," म्हटलं. "आणि आधी त्यांना उठव."

तिने एक कळ दाबून धरली. पडद्यावरची मुलगी त्या माणसाजवळ गुडघ्यांवर बसली, आणि तो उठला.

त्या रविवारपासून मी तीन वाजता हातशिलाई नाहीतर हुक-काजं करायचं काम घेऊन वर जाऊ लागले. खेळ सोपा होता. दोघांनी मिळून जंगलात राहायचं. लाकडं तोडायची, घर बांधायचं, मासे पकडायचे, जनावरांपासून जीव वाचवायचा. घर चांगलं दुमजली झालं होतं. समोर आप्पांनी दगडांचा ओटा घातला होता. सूनबाई तिथे हुकूम सोडायची: "मांगे दखा! आठे या, आठे!" मागे बघा, इकडे या. जी मुलगी माझ्याकडे मीठ मागायला कचरायची, ती वडिलांना दोन तास नाचवत होती.

तेव्हा मला हळूहळू सगळं कळत गेलं. आप्पांचं सटाण्याला सायबर कॅफे होतं. आठ कॉम्प्युटर. शाळा सुटली की ती तिथेच गल्ल्याजवळ बसून अभ्यास करायची, आणि गिऱ्हाईक नसलं की बापलेक खेळायचे. आई गेल्यावर तर घरापेक्षा दोघं कॅफेतच जास्त असायची. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि कॅफे चालेना. आप्पांनी सहा मशीन विकली आणि दोन ठेवली. एक स्वतःला, एक तिला. तेच गोधडीत गुंडाळून आलं होतं.

"मग फोनवर बोलत नाही का तुम्ही?" मी विचारलं.

"फोनवर आप्पा दोन मिनिटांत 'बरं, ठेवतो' म्हणतात," ती म्हणाली. "काय बोलायचं ते त्यांना सुचतच नाही. खेळताना मात्र सगळं सांगतात. गुडघा दुखतो ते, दूधवाल्याशी भांडले ते. जेवले नसतील तर तेही खेळतानाच कळतं."

चैत्रात ऊन तापलं आणि एका रविवारी पडद्यावर आडव्या हिरव्या रेघा आल्या. मग सगळं काळं. तिने कॅबिनेट उघडलं, पंखा पुसला, एक पट्टी काढून पुन्हा बसवली. काही झालं नाही. "कार्ड गेलं," म्हणाली.

ते कार्ड म्हणजे काय, हे तिने मला त्या दिवशी समजावून सांगितलं. कॉम्प्युटर हिशेब करतो, आणि हे कार्ड त्या हिशेबाची चित्रं काढतं. एका सेकंदात साठ चित्रं निघाली तर हालचाल सलग दिसते. पंधरावर आली तर अडकत अडकत. दुरुस्तीवाल्याने कार्ड हातात घेऊन नुसती मान हलवली. आधी एकदा दुरुस्त झालेलं होतं, पुन्हा करण्यात अर्थ नाही म्हणाला.

पुढच्या रविवारी तीन वाजता तिने आप्पांना फोन लावला. मी घड्याळ पाहिलं नाही, पण एका ब्लाऊजाचा गळा फिरवून होण्याआधी फोन संपला होता. मग ती खाली आली आणि म्हणाली, "आई, कणीक मळू?" चारसुद्धा वाजले नव्हते.

दोन रविवार असे गेले. मी म्हटलं, "नवीन कार्ड का घेत नाहीस?"

"दिवाळीत बघू. माझ्याकडे नऊ हजार आहेत. त्यात चांगलं येत नाही."

"सहा माझ्याकडे आहेत. लग्नसराईचे."

"नको आई. खेळच तर आहे तो. खेळासाठी तुमचे शिलाईचे पैसे कशाला?"

"माझेही दोन रविवार वाया गेलेत," मी म्हटलं. "टीव्हीवर काही बघण्यासारखं नसतं. पंधराच्या आत काय येतं ते काढ शोधून."

त्या रात्रीच्या भाकऱ्या तिनेच थापल्या, मला उठू दिलं नाही.

चार दिवसांनी तिने वही दाखवली. अक्षर लॅबच्या रिपोर्टसारखं स्वच्छ. कोणत्या कार्डात मेमरी किती, वीज किती लागते, लांबी किती. लांबीचं मला नवल वाटलं. ती म्हणाली, मोठी कार्डं आपल्या डब्यात बसतच नाहीत, आणि काहींना वीज इतकी लागते की सोबत पॉवर सप्लायसुद्धा नवा घ्यावा लागतो. म्हणजे तीन हजार आणखी. ब्लाऊजपीस मीटरभर असताना गिऱ्हाईक लांब बाह्या मागतं, तसं झालं हे. अडचण माझ्या लगेच ध्यानात आली.

एका शनिवारी आम्ही स्कूटरवरून कॅनडा कॉर्नरला कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार तिशीचा, दाढी कोरलेला. त्याने आम्हा दोघींकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मावशी, मुलासाठी का? कितवीला आहे?"

"सुनेसाठी," मी म्हटलं. "हिच्यासाठी."

"ऑफिसच्या कामाला ना? मग कार्ड लागतच नाही मॅडम."

"खेळायला," सून म्हणाली, तिच्या त्या हळू आवाजात. तो "काय?" म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं. मग त्याने काचेच्या कपाटातून एक लांबलचक कार्ड काढून मशीनला लावून दाखवलं. तीन पंखे, आणि त्यांत लाल, निळे, जांभळे दिवे फिरत होते. किंमत तेवीस हजार.

"दिव्यांनी खेळ जोरात चालतो का?" मी विचारलं.

"नाही मावशी, ते शो."

"मग बिनशोचं दाखवा."

तेव्हा ती हसली. दुकानात, चारचौघांत, वरच्या खोलीतलं ते हसू. मग त्याच्याशी नीट बोलू लागली, आणि पाचच मिनिटांत तो वहीत डोकावून तिलाच प्रश्न विचारायला लागला. चार जीबी मेमरीचं नवं कार्ड साडेचौदा हजाराला होतं. आठ जीबीचं सेकंडहँड चौदाला मिळेल, पण त्याला पॉवर सप्लाय बदलावा लागेल, आणि कॉम्प्युटरवर डिजिटल कॉइन काढणाऱ्यांनी ते दिवसरात्र तापवलेलं नसेल याची खात्री तो द्यायला तयार नव्हता. तिला आठ जीबीचंच हवंसं वाटत होतं. खेळाचं नवं व्हर्जन आलं होतं ते जड होतं, आणि आणखी तीन-चार वर्षं तरी पुन्हा खर्च नको होता. माझं मत नव्याच्या बाजूने. जुनं शिलाई मशीन घेऊन मी एकदा पस्तावले होते. काही न घेता परत आलो.

मध्ये आखाजी आली. सटाण्याकडे अक्षय्यतृतीयेला लेकी माहेरी जातात. तो त्यांचाच सण. मुलाला सुटी नव्हती. आप्पांनी मला फोन केला, "विहीणबाई, तुम्हीच घेऊन या तिला. पोळीचं जेवण करा आमच्याकडे." दीड मिनिटात फोन संपला.

घर लहान, स्वच्छ. पुरणपोळ्या त्यांनी शेजारणीकडून करून घेतल्या होत्या; आंब्याचा रस मात्र स्वतः काढला होता, आणि त्यात कोयीचे धागे राहिले होते. जेवणं झाल्यावर ते लेकीला म्हणाले, "जा, खेळ. मी बघतो." त्यांच्या मशीनवर ती बसली. मी दारात सुपारी कातरत होते.

पाचच मिनिटं झाली असतील. जंगलात लांडगा आला. चित्र जागच्या जागी थांबलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा लांडगा अंगावर होता आणि ती मेली होती.

तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. मग तिने काहीतरी दाबलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उमटला. अकरा. मध्येच नऊ. एका सेकंदात नऊ चित्रं.

ती खुर्चीतच वळली. दोघं अहिराणीत बोलत होती, पण इतकी सावकाश की मला सगळं समजलं.

"आप्पा, हे असंच चालतं?"

"चालतं ना."

"कधीपासून?"

"नवं व्हर्जन आलं तेव्हापासून."

"म्हणून तुम्ही मरत होतात! मी तुम्हाला म्हातारे झालात म्हणून चिडवत होते, आणि तुम्हाला लांडगा दिसतच नव्हता? सांगितलं का नाही?"

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू द्या, नको खेळू या. आणि मेलो तर काय झालं? तू येतेस ना उठवायला."

ती उठली आणि मागच्या अंगणात गेली. भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला. घासायला काहीच उरलेलं नव्हतं; शेजारीण कधीच घासून गेली होती. आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "रस जरा आंबट होता का?" मी म्हटलं, "नाही भाऊ, गोड होता." खरंच गोड होता.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. पिंपळगाव मागे पडलं. ओझरजवळ म्हणाली, "आई, आठ जीबीचं नको."

"मग?"

"लहान घेऊ. दोन."

मी तिच्याकडे पाहिलं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "जुनी, चार जीबीची, विजेची वेगळी वायर न लागणारी. पाच-सहा हजाराला एक मिळतं. फार भारी चालणार नाहीत. खेळातलं चित्र साधं करून ठेवायचं, सावल्या बंद, गवत कमी. पण दोघांना सारखं दिसेल."

त्या आठवड्यात पुन्हा कॅनडा कॉर्नर. दुकानदाराने ऐकून घेतलं. मग आत जाऊन एक खोकं घेऊन आला. एक कॉम्प्युटर ड्रॉइंगचा क्लास बंद झाला होता, त्यांची मशीन त्याच्याकडे आली होती. "ह्यांच्यावर कुणी खेळलेलं नाही मॅडम. पोरं नकाशे काढायची, तेही सर ओरडले तर." त्यातलं एक कार्ड त्याने आमच्यासमोर तासभर चालवून दाखवलं आणि साडेसहाला दिलं, महिन्याच्या टेस्टिंग वॉरंटीवर. बाकीची मात्र आधीच कुणीतरी सांगून ठेवली होती, त्यामुळे दुसरं दुसरीकडे शोधणं भाग होतं.

ते तिला मोबाइलवर सापडलं, देवळाली कॅम्पात. फौजी कुटुंब होतं. नवऱ्याची बदली झाली होती, तो पुढे गेला होता आणि बायको सामान विकून-बांधून मागून निघणार होती. सून म्हणाली, चालवून पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही आणि त्यांच्या घरी मशीन बांधून झालं असेल. म्हणून आम्ही आपलं मशीनच गोधडीत गुंडाळलं आणि रिक्षा केली. मॉनिटर तिच्या मांडीवर, कॅबिनेट माझ्या. नाशिकरोडपर्यंत रिक्षावाला आरशात बघत होता. शेवटी विचारलंच, "मावशी, बाळ आहे का त्यात?"

क्वार्टरमध्ये काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने पत्ता लिहिणं चाललं होतं. ती बाई पंचविशीची, पहाडातली, हिंदी बोलणारी. कार्ड तिने ट्रंकेतून काढलं तेव्हा ते मूळ खोक्यात होतं, बिलासकट. "डिब्बा ये फेंकने नहीं देते," ती नवऱ्याविषयी म्हणाली.

सुनेने जमिनीवर बसून कार्ड लावलं. पडदा उजळला, पण टिक् टिक् असा बारीक आवाज येऊ लागला. मी म्हटलं, "थांब. कुठेतरी काहीतरी घासतंय." रोज आठ तास मशीनवर बसून एवढं कानाला कळतं. तिने टॉर्च मारला. आमचीच एक वायर पंख्याच्या पात्याला लागत होती. ती बाजूला केली आणि आवाज थांबला. मग अर्धा तास खेळ चालवून तिने तापमान वहीत लिहून घेतलं, दर पाच मिनिटांनी. मी कार्डाजवळ नाक नेऊन वास घेतला. जळका नव्हता.

ती बाई चहा घेऊन आली. "बेटे के लिए है?"

"बहू के लिए," मी म्हटलं.

"आप खेलती हो?" ती सुनेला म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "और सास साथ में आई है?" तिने फोन उचलून नवऱ्याला लावला आणि खो खो हसत सांगितलं, "सुनो जी, सास लेके आई है अपनी बहू को!" पलीकडचं काही मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती म्हणाली, "छह बोला था ना? साढ़े पाँच दे दो. बोल रहे हैं, ऐसी सास को डिस्काउंट है."

येताना रिक्षात सून एकदम म्हणाली, "आई, तुम्हाला वास कळतो हे मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "मला तरी कुठे माहीत होतं." दोघी हसलो. तिचा हात कॅबिनेटवर, माझ्या हाताशेजारी होता. तो तिने नाशिकरोडला उचलून माझ्या हातावर ठेवला, आणि सिडको येईपर्यंत काढला नाही.

फौजीचं कार्ड आम्ही ठेवलं आणि वॉरंटीचं आप्पांना द्यायचं ठरलं. उरलेल्या पैशांतून त्यांना माइकवाले हेडफोन घेतले. कार्ड आधी त्याच्या चंदेरी पिशवीत, मग भोवती माझ्या ब्लाऊजांच्या चिंध्या, मग खोकं. सटाण्याच्या बसला पार्सल दिलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन माझ्या मोबाइलवर आला. आवाज चढलेला होता.

"विहीणबाई, हे बरोबर नाही. लेकीच्या सासरचं मी पाणीसुद्धा जपून पितो. एवढं महागाचं तुम्ही कसं पाठवलंत? मी उद्याच्या बसने परत पाठवतो."

सून लॅबमध्ये होती. मग जे मनात होतं तेच सांगितलं. "भाऊ, तुमची लेक इथे आली तेव्हा दोन महिने माझ्याशी नीट बोलली नाही. मीही बोलले नाही. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तुमच्याशी खेळताना. तो खेळ बंद पडला की घरात पुन्हा तेच होतं. मला ते नको आहे. कार्ड परत पाठवायचं तर पाठवा, पण मग हिला गप्प बसलेली बघायला तुम्ही या."

पलीकडून चिंध्या बाजूला सारल्याची खसखस ऐकू आली.

"कोणत्या खाचेत बसवायचं म्हणाली ती?" आप्पांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "मला माहीत आहे म्हणा. आठ मशीन रोज उघडायचो मी."

तिसऱ्या दिवशी तेच खोकं बसने परत आलं. मी घाबरत उघडलं. आत डाळिंबं होती, चिंध्यांत नीट गुंडाळून ठेवलेली. खोकं रिकामं पाठवायचं नाही, एवढाच निरोप त्यांनी कंडक्टरकडे दिला होता.

त्या रविवारी तीन वाजता ती खेळायला बसली आणि मी पलंगावर. कोपऱ्यातला आकडा इकडे पंचेचाळीस, तिकडे आप्पांनी वाचून दाखवला, त्रेचाळीस. गवत कमी, सावल्या नाहीत. जंगल पूर्वीपेक्षा जरा उघडंबोडकं दिसत होतं. लांडगा आला तो आप्पांनी पहिल्या फटक्यात पाडला आणि इतके ओरडले की हेडफोनमधून मलाही ऐकू आलं.

याला आता वर्ष होऊन गेलं. मुलाची बदली अजून झालेली नाही. आला की तोही बसतो, पण त्याला त्यातलं फारसं जमत नाही आणि सासरे त्याला सांभाळून घेतात. आमचं दोघींचं बोलणं आता रविवारपुरतं राहिलेलं नाही. लॅबमध्ये कोण भांडलं, माझं कोणतं गिऱ्हाईक माप विसरून गळ्याला नावं ठेवतं, सगळं चालतं.

मागच्या पावसाळ्यात एकदा खेळ ऐन रंगात असताना सटाण्याची लाइट गेली. आप्पांचा माणूस ओट्यावरून दिसेनासा झाला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी म्हटलं, "बंद कर गं, आता कुठली येतेय लाइट."

"थांबू या जरा," ती म्हणाली. "लाइट आली की ते आधी इथेच येतील. घर रिकामं दिसेल त्यांना."

मग मी खालून वालाच्या शेंगा घेऊन आले. पडद्यावर तिची बाहुली त्या दुमजली घराच्या दारात उभी होती, आणि पलंगावर आम्ही दोघी शेंगा सोलत होतो. दाणे ताटात, सालं पेपरवर. खिडकीबाहेर पाऊस लागला होता. पाऊण तास गेला असेल.

हेडफोन तिच्या गळ्यात होते. त्यातून खरखर आली आणि मग आप्पांचा आवाज, "शे का तू?"

शे म्हणजे आहे. आहेस का, असं विचारत होते.

"शे, आप्पा," ती म्हणाली. माझ्याकडे बघून हसली, आणि माइक तोंडाजवळ ओढून पुढे म्हणाली, "आम्ही दोन्ही शेतस."